घोंगडीतलं लोणी

धुरपाक्का, काल लोणी आलं आणि ते वितळलेलं होतं.

तुमची सून सखू दारात उभी राहिली तेव्हा दुपार डोक्यावर आली होती. मी गाडग्याचं फडकं सोडून आत बोट घातलं, तर लोणी बोटाला धरेना, तेलासारखं ओघळून गेलं. सखूचं तोंड एवढंसं झालं. तुमचं तेरावं उरकल्यानंतरचा हा पहिला बुधवार. तुमचा वार तिनं चुकू दिला नाही, सकाळीच डोंगर उतरली, आणि आल्या आल्या हे असं झालं. मी म्हटलं, "अगं, कढवायचंच होतं मला, माझं काम वाचलं." तिला ते काही खरं वाटलं नाही.

पंचवीस वर्षं तुम्ही दर बुधवारी त्या डोंगरावरच्या वस्तीतून मार्गासनीला उतरलात. वैशाखातसुद्धा तुमचं लोणी घट्ट गोळाच असायचं. पंचवीस वर्षांत एकदाच, फक्त एकदाच, ते असं पातळ होऊन आलं. त्या एका वेळेबद्दल मला तुमच्याशी बोलायचं होतं. गेली आठ वर्षं बोलायचं होतं. दर बुधवारी वाटायचं, आज बोलून टाकू. आणि दर बुधवारी मी उठून चहाचं आधण ठेवायचे.

आता तुम्ही फाल्गुनात गेलात. थंडी सरली होती आणि ऊन तापायचं होतं. जायला तेवढे पंधरा दिवस बरे, असं तुम्हांलाच वाटलं असणार. मास्तर म्हणाले, बोलायचं राहिलंय ना, मग लिहून काढ. मी म्हटलं, त्यांना कुठं वाचता येत होतं? तर म्हणाले, तुला तरी लिहिता येतंय ना. इतकी वर्षं संसार केला तरी शिक्षक घरातसुद्धा शिक्षकच राहतो.

तुम्हांला आठवतं का, पहिल्यांदा तुम्ही मला पाहिलंत तेव्हा मी दिसलेच नव्हते? चुलीजवळ चार गोधड्यांचा ढीग होता आणि त्या ढिगातून शांता रडत होती. ती तेव्हा वर्षाची. तुम्ही दारातून हाक मारलीत, "लोनी घेताय का, मास्तरीनबाई?" आणि ढीग हलला.

माझं माहेर फलटणकडचं. उन्हात वाढलेली मी, भर दुपारी अनवाणी विहिरीवर जाणारी. मास्तरांना लोकल बोर्डाच्या शाळेवर मार्गासनीला नेमलं आणि मी या डोंगरांच्या खोबणीत येऊन पडले. आले त्याच पावसाळ्याच्या शेवटी हिवतापानं धरलं. एक दिवसाआड ताप. आधी हुडहुडी भरायची, अशी की बाजेचे पाय वाजायचे. मग अंग पेटायचं. मग घामानं सगळं चिंब. वेल्ह्याच्या दवाखान्यातून मास्तरांनी कोयनेलच्या गोळ्या आणल्या. इतक्या कडू की शांताला पाजताना मला वाटायचं, दूधही कडू झालं असेल. महिन्याभरात ताप गेला, पण थंडी गेली नाही.

कोणाला सांगून पटायचं नाही. ताप नव्हता, डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं होतं. पण कार्तिकात वारा सुटला, दाराची फट नुसती कुरकुरली, की माझे दात वाजायला लागायचे. खरं सांगायचं तर वारा लागायच्या आधीच वाजायचे. संध्याकाळ व्हायला लागली की मला धडकी भरायची. मी चूल सोडेना. पाणी भरायला जाईना, अंगण झाडीना. मास्तर शाळेतून येऊन भाकरी थापायचे, आणि त्या भाकरीचा आकार पाहून मला गोधडीत हसू यायचं आणि रडूही यायचं.

एक दिवस त्यांच्या पेटीत मला बदलीचा अर्ज सापडला. लिहून तयार होता, फक्त खाली सही नव्हती. "पत्नीस येथील हवामान मानवत नसल्यामुळे" असं सुंदर अक्षरात लिहिलेलं. मला तो अर्ज वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या शाळेत त्यांचा जीव होता. चाळीस पोरं पाटी घेऊन यायला लागली होती, ज्यांच्या बापानं पाटी पाहिली नव्हती. आणि माझ्या दातांच्या वाजण्यासाठी ते सगळं सोडून द्यायला हा माणूस तयार होता. सही तेवढी त्यांच्यानं होत नव्हती.

हे सगळं मी तुम्हांला त्या दुसऱ्या की तिसऱ्या बुधवारी सांगितलं. का सांगितलं देव जाणे. तुम्ही उंबऱ्यावर बसला होतात, घोंगडी खांद्यावर, आणि मी दिलेला चहा बशीत ओतून फुंकत होतात. पौषातल्या दवात अनवाणी डोंगर उतरणाऱ्या बाईला गरम चहा सोसत नव्हता! साय धरेपर्यंत फुंकायच्या. मी नंतर किती चिडवलं तुम्हांला त्यावरून.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "येक गोधडी काड."

मी म्हटलं, "अहो, चारांत भागत नाही मला."

"म्हनूनच भागंना. तुज्या आत थंडी बसलीया. वरनं चार गोधड्या घाटल्यास तर त्या थंडीच राकत्यात. गोधडी काय, घोंगडं काय, ऊब द्येत न्हाई कुनाला. आत जे आसंल त्ये राकतं."

पहिल्याच भेटीत मी मास्तरीणबाई होते, तुम्ही मला "तुमी" म्हणत होतात. त्या दिवशी तुम्ही "तुज्या" म्हणालात. मला ते इतकं बरं वाटलं की मी एक गोधडी काढून दिली.

आणि मग तुमची ती शाळा सुरू झाली. मास्तरांच्या शाळेपेक्षा कडक. दर बुधवारी एक पांघरूण कमी. सकाळी उठल्यावर चुलीकडे जायचं नाही, आधी अंगणात जायचं, अनवाणी, आणि उंबऱ्याला ऊन लागेपर्यंत उभं राहायचं. पहिल्या दिवशी तुम्ही मुद्दाम आदल्या संध्याकाळी येऊन आमच्याकडे राहिलात आणि सकाळी माझ्या शेजारी उभ्या राहिलात. दव पडलेलं, माती बर्फासारखी. मी खांदे कानाला लावून, मुठी आवळून, डोळे मिटून उभी.

"खांदं खाली सोड," तुम्ही म्हणालात.

"थंडी वाजतेय!"

"वाजू दे की. दात वाजत्यात तर दात वाजू देत. तू नगं वाजूस. खांदं वर घेटलं की ती मानंवर बसती. सोड खाली. हां. आता स्वास सोड."

मी खांदे सोडले. थंडी होती तेवढीच होती. पण एक चमत्कारिक गोष्ट झाली. मला पहिल्यांदा कळलं की पायाला लागते ती थंडी वेगळी आणि पोटात गोळा येतो तो वेगळा. पायातली थंडी पायातच होती. पोटातल्या गोळ्याला थंडीशी काही देणंघेणं नव्हतं. ती त्या तापाची भीती होती, ती अजून घरात राहत होती. तुम्ही हे शब्दांत कधी सांगितलं नाहीत. पण उंबऱ्याला ऊन लागलं तेव्हा माझे दात गप्प झाले होते आणि तुम्ही जांभई देत होतात.

मग पाणी. आधी नुसते पाय धुवायचे. आठवड्यानं गुडघ्यापर्यंत. मग हात कोपरापर्यंत. तोंड सगळ्यात शेवटी. "थंडीला पाय आदी दावायचं, तोंड दावायचं मागनं. पावन्यागत." मी एकदा लबाडी केली, काढलेली गोधडी पुन्हा पोटाशी घेऊन झोपले. बुधवारी तुम्ही आलात आणि माझ्याकडे नुसतं पाहून म्हणालात, "परत घेटलीस व्हय गं?" कसं कळलं, विचारलं तर म्हणालात, "शेळीनं चोरून खाल्लं की तिच्या तोंडावर दिसतं." मला शेळी म्हणालात म्हणून मी दोन दिवस रुसले होते. तुम्हांला कळलंसुद्धा नाही, कारण पुढचा बुधवार लांब होता.

माघात मी पहाटेच्या वाऱ्यात एका लुगड्यावर आणि एका चादरीवर अंगण झाडलं. मास्तर शाळेची किल्ली हातात घेऊन बघत उभे राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी तो अर्ज चुलीत घातला आणि म्हणाले, "पेटवायला कागद लागतोच." भाकरी त्या दिवशी मी थापली.

थंडीत तुम्ही गुरू. पण उन्हाच्या बाबतीत मी तुमचं ऐकणार नव्हते. फलटणची मी! मला ऊन कोण शिकवणार? आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते मिटलंच नाही.

फाल्गुन लागला की तुम्ही वस्तीवर पोरांना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांना रोज थोडा थोडा वेळ उन्हात काम करायला लावायच्या. मी विचारलं, उन्हात मुद्दाम कशाला? तुम्ही म्हणालात, "उनाशी वळख करून घ्यावी लागती. वैशाखात येकदम गेलं तर त्ये मानसाला वळकत न्हाई." मला हे भलतंच वाटलं. ऊन म्हणजे काय सोयरा आहे का? तुम्ही म्हणायच्या, थंडी बोलून येते, दात वाजवते, काटा आणते, सांगते मी आले म्हणून. ऊन गप येतं. माणूस चाललेलं असतं, बोलत असतं, आणि मधेच नसतं. मी हसायचे. तुम्ही उन्हातून आल्या आल्या पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. आधी सावलीला बसायच्या, पाय धुवायच्या, गुळाचा खडा तोंडात टाकायच्या, मग घोट घोट. मी तांब्या पुढे करून कंटाळायचे.

आणि ती घोंगडी! डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ओल्या फडक्यात बांधलेलं लोण्याचं गाडगं, आणि त्या गाडग्यावरून पार पाठीवर सोडलेली ती काळी घोंगडी. तुमच्या बापाच्या मेंढरांच्या लोकरीची, लग्नात दिलेली. चैत्र-वैशाखात, झाडाचं पानही हलत नाही अशा दुपारी, तुम्ही ती पांघरून यायच्या. मी म्हणायचे, "अक्का, अहो लोकर ही! शिजाल आतल्या आत." तुम्ही गाडगं उतरवून फडकं सोडायच्या आणि घट्ट गोळा माझ्यापुढे करायच्या. "लोनी न्हाई शिजलं, मी कशी शिजन?"

मास्तर तुमच्या बाजूचे. त्यांनी शाळेचं पुस्तक उघडून दाखवलं की लोकरीतून उष्णता सावकाश जाते, आतली बाहेर आणि बाहेरची आत. मी म्हटलं, पुस्तक लिहिणारा पौषात बसून लिहीत असेल. तुम्हांला ते फार आवडलं. पुढे कितीतरी वर्षं मास्तर काही वाचून सांगायला लागले की तुम्ही विचारायच्या, "कोन्च्या म्हैन्यात लिवलंय ह्ये?"

हे सगळं हसण्यासारखं. आता जे सांगायचं ते हसण्यासारखं नाही.

शांताचं लग्न. लढाई सुरू व्हायच्या वर्षी, वैशाखात, आमच्या उत्रोलीच्या घरी. मास्तरांचं मूळ घर ते, तिथंच मांडव घालायचा ठरला. व्याही पुण्याकडचे, नोकरीवाले, दारात गाडी उभी करून पायरी चढणारे लोक. मी महिनाभर आधीपासून धास्तावलेली. भांडी घासून घेतली, भिंती सारवून घेतल्या, दिराला सांगितलं की मांडवात तंबाखू थुंकायची नाही.

तुम्हांला बोलावणं करायला मी स्वतः वस्तीवर चढले. शांताला तुम्ही खांद्यावर घेऊन डोंगर दाखवलेला, तिच्या लग्नात तुम्ही नाहीत असं कसं होईल? तुम्ही म्हणालात, "म्या आदल्या दिशी न्हाई येत, जनावरं हायेत. त्याच दिशी डोंगराच्या पल्याडल्या अंगाला उतरून भाटघरच्या पान्याकडंनं दुपारपत्तुर पोचते. शांतीला लोनी आनते घरचं." मुहूर्त गोरज होता, म्हणजे वेळ भरपूर होता.

मी उठता उठता म्हणाले, "आणि अक्का, ती घोंगडी नका हं आणू. वैशाखाचं ऊन आहे, उगाच उकडेल."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. जरा जास्तच वेळ पाहिलंत, असं आता वाटतं. मग म्हणालात, "बरं."

उकडेल म्हणून मी ते म्हटलं नव्हतं, धुरपाक्का. मला लाज वाटली होती. पुण्याच्या व्याहिणी मांडवात बसल्या आहेत आणि तुम्ही ती शेळ्यांचा वास मारणारी घोंगडी पांघरून त्यांच्यात येऊन बसताहात, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढं महिनाभर होतं. जिनं मला पांघरुणातून बाहेर काढलं तिच्या पांघरुणाची मला लाज वाटली. आणि मी ती उन्हाच्या नावावर घातली. सोळा-सतरा वर्षं उन्हाबद्दल तुमच्याशी भांडत होते ना. ते भांडण मला असं उपयोगी पडलं.

तुम्ही आलात तेव्हा दुपार टळायला आली होती. अंगावर नवं हिरवं लुगडं, डोक्याला नुसता पदर, डोक्यावर गाडगं. भाटघर धरणाचं पाणी त्या दिवसांत खाली गेलेलं असतं, मैलभर नुसता भेगाळलेला गाळ, झाडाची काडी नाही. त्या तव्यावरून तुम्ही चालत आला होतात. मांडवाच्या दाराशी पोचलात, गाडगं उतरवलंत, "शांती कुटाय?" असं विचारलंत आणि तिथंच बसलात. बसलात ते कलंडलात. अंग कोरडं ठणठणीत, तापलेलं, घामाचा थेंब नाही. भलतंच काहीतरी बोलत होतात. शेळ्यांना हाका मारत होतात.

मागच्या पडवीत तुम्हांला नेलं. ओल्या चादरीत गुंडाळलं, कांद्याचा रस तळपायाला चोळला, दोन बायका वारा घालत बसल्या. शुद्ध आली तशी घोटाघोटानं पन्हं पाजलं. मी मांडव आणि पडवी यांच्यात पळत होते, अंगावर शालू, डोळ्यांतून पाणी. सगळे म्हणाले, मुलगी सासरी जाते म्हणून रडतेय. मी कोणाला काही सांगितलं नाही. वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, आणि तुम्ही पडवीत डोळे मिटून पडला होतात. शांताचं लग्न तुम्ही पाहिलंच नाहीत.

दिवेलागणीला तुम्ही नीट बोलायला लागलात. दिरानं विचारलं, "काय ओ धुरपाक्का, घोंगडीबिगर कशा आलात ह्या उनाचं?" मी शेजारीच उभी होते. तुम्ही म्हणालात, "म्याच इसरले. म्हातारपन, दुसरं काय." मग माझ्याकडे वळून म्हणालात, "लोनी पातळ झालं गं. शांतीच्या तोंडाला नुसतं लावून काड."

ते गाडगं मी उघडलं. लोणी तेलासारखं झालं होतं.

त्यानंतर आठ वर्षं तुम्ही बुधवारी येत राहिलात, घोंगडी पांघरून, लोणी घट्ट. उन्हाचं भांडण मी त्या दिवसापासून सोडून दिलं. तुम्ही एकदोनदा मुद्दाम काडी टाकून पाहिली, "काय गं, शिजते का न्हाई मी?" म्हणून, पण मी उठून आधण ठेवलं. तुम्हांला वाटलं असेल, मी हरले म्हणून गप्प आहे. तसंही असेल. पण तोंड उघडलं तर सगळंच बाहेर पडेल, अशी मला भीती होती.

काल सखू लोण्याच्या गाडग्याकडे बघत उभी राहिली तेव्हा मी तिला आत ओढून सावलीला बसवलं. तिचा पदर तापला होता. मी पाहिलं तर तुमची घोंगडी तिच्या खांद्यावर होती, छान चौघडी घालून, वरून धुतलेल्या फडक्यात बांधून. लहान मूल आणावं तशी तिनं ती आणली होती.

मी म्हटलं, "अगं, ही जवळ असताना लोणी उघडं आणलंस? आणि तू पण उघडी आलीस?"

"तुमची हाय ती," ती म्हणाली. "आत्तीनं सांगून ठेवलं व्हतं, मास्तरीनबाईला द्यायची. तुमची वस्त लोन्याला कशी लावू? म्या कशी पांघरू?"

धुरपाक्का, मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. पुन्हा एक बाई माझ्या मानापायी उन्हातून उघडी चालत आली होती. मी तिला पाय धुवायला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, तुमच्याच क्रमानं. आणि ती घोट घोट पाणी पीत असताना मी तिला सगळं सांगून टाकलं. लग्नाचं, उकडेल म्हटल्याचं, लाज वाटल्याचं. आठ वर्षं जे तुम्हांला सांगायचं होतं ते तुमच्या सुनेला सांगितलं. आधण ठेवलं नाही.

ती ऐकत होती. ऐकून म्हणाली, "आत्तीला ठावं व्हतं की."

"काय ठावं होतं?"

"ह्येच. आमी घरी म्हनलो बी, आसं कसं म्हनल्या मास्तरीनबाई. तर आत्ती म्हनली, तिला घोंगड्याची लाज वाटली, मानसाची न्हाई वाटली. घोंगडं आनू नगं म्हनली, येऊ नगं न्हाई म्हनली. डोंगर चडून बोलवाया आली व्हती."

मी तिच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला. मग विचारलं, "मला कधी बोलल्या का नाहीत?"

सखू हसली. तुमच्यासारखीच हसते ती, तोंडाला पदर लावून. "म्या बी इच्यारलं. तर म्हनली, बोलंल तिची ती. काय घाई हाय? तवर दर बुदवारी च्या मिळतोय की."

म्हणजे तुम्हांला आधणाचंही ठाऊक होतं. मी इकडे बोलायचं टाळायला पाणी उकळत होते आणि तुम्ही तिकडे बशीत फुंकत वाट बघत होतात. आठ वर्षं! मी सखूसमोरच हसायला लागले, आणि हसता हसता रडले. ती बिचारी घाबरली.

लोणी कढवलं. घरभर वास सुटला, मास्तर शाळेच्या वह्या तपासत होते ते उठून आत आले. सखूला भाताबरोबर ताजं तूप वाढलं. मग ती निघाली. दुपार अजून कलली नव्हती. मी फडकं सोडलं, घोंगडी झटकली आणि तिच्या डोक्यावर टाकली.

"अगंबया! ह्ये तुमचं हाय," ती म्हणाली.

"माझंच आहे. म्हणून कोणी पांघरायचं ते मी ठरवणार. पुढच्या बुधवारी लोणी हिच्याखालनं आण. आणि वैशाखात आमच्या धाकट्याचं, वसंताचं, लग्न आहे उत्रोलीला, तिकडेही लोणी घेऊन यायचं. घोंगडी पांघरूनच यायचं. मांडवात माझ्याशेजारी बसायचं, व्याहिणींच्या मधे. घोंगडी काढायची नाही."

"लोकं काय म्हनतील?"

"विचारतील कोणाची म्हणून. मग मी सांगेन कोणाची. सगळं सांगेन."

ती गेली. पाठीवर काळी घोंगडी सोडून, रिकामं गाडगं चुंबळीवर ठेवून, तुमच्याच पायवाटेनं. टेकाडाच्या वळणापर्यंत मला दिसत होती. मी अंगणात उभी होते, अनवाणी, माती तापलेली, तरी आत जावंसं वाटेना. तेवढ्यात मास्तर दारातून म्हणाले, "आज अशी निवांत काय उभी राहिलीस?"

तेव्हा मला कळलं, धुरपाक्का. माझे खांदे खाली आले होते.